सोपा पार्ट

५ सप्टेंबर, शुक्रवार

दमलो. सारला शेठच्या बंगल्यावर सकाळची वाजवायची बैठक उरकून सनाबिसला घरी आलो आणि तसाच आडवा झालो. नंदा म्हणते, "खुर्चीत बसून तर वाजवायचं असतं, त्यात दमायला काय झालं?" वाजवून नाही गं बाई दमत. शेठच्या उजव्या हाताकडं बघून बघून दमतो.

आज पुन्हा त्यांचा गज तारेवरून सटकला. भर मैफलीत. शेठ लगेच खोकले, जसं काही खोकल्यामुळंच झालं. फ्रान्सिसनं माझ्याकडं बघितलं, मी छताकडं. चौघांचा आमचा ताफा: मी पहिला व्हायोलिन, गोव्याचा फ्रान्सिस दुसरा, फिलिपिनो मार्लन व्हायोला, आणि चेलोवर खुद्द मालक, म्हणजे शेठ. मालकाचा सूर गेला तर बघायचं कुणाकडं?

मग जेवण. पाहुणे मोठ्या टेबलावर, आमची पानं किचनलगतच्या खोलीत. शेठच रंगवून सांगतात की अठराव्या शतकात युरोपातले दरबारी संगीतकार आचारी-नोकरांच्या पंगतीला बसायचे, अंगावर मालकाच्या घरचा गणवेश. "काय दिवस होते, मास्टर!" म्हणतात. आणि पुढच्याच वाक्याला, "जा, तुम्ही लोक आत जेवून घ्या." माणूस वाईट नाही. आपण बोलतो काय आणि करतो काय, याची सांगड घालायची त्यांच्यावर कधी वेळच आली नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

हिद्दला शेठच्या गोदामाच्या ऑफिसात गेलो, व्हिसा रिन्यूचं काम. कार्डावर मी स्टोअरकीपर. आख्ख्या गोदामात मी आजवर एक खिळा उचललेला नाही. शेठच्या बापजाद्यांचं इथं बहरीनच्या जुन्या बाजारात, बाब अल बहरीनमागं, कापडाचं दुकान होतं, आता एवढा पसारा झालाय, त्यात एक व्हायोलिनवाला स्टोअरकीपर सहज खपतो.

केतनभाई भेटला, शेठचा मुलगा. सगळा कारभार आता त्याच्याच हातात. मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "मास्टर, जब तक पापा का शौक है, तब तक आप हो. समझ रहे हो ना?"

समजतं की. न समजायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? माझा व्हिसा गेला की त्याच्या मागोमाग नंदाचा आणि ईराचा. ईरा बारावीला. बोर्डाचा फॉर्म इथल्या शाळेतून जाणार, पेपर फेब्रुवारीत सुरू होऊन एप्रिलपर्यंत. मध्येच उचलबांगडी झाली तर पोरीचं वर्ष पाण्यात. बाकी मला काही नको. तेवढे पेपर होईपर्यंत शेठचा शौक टिकू दे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

शेठना नवीन पीस पाहिजे. दर सीझनला पाहिजेच असतो. म्हणाले, त्या काळच्या एका राजाला चेलोचं वेड होतं, त्यामुळं जो तो संगीतकार त्याच्यासाठी लिहायचा आणि चेलोला भाव खायला जागा ठेवायचा. मग माझ्या पाठीवर थाप. म्हणजे राजा कोण आणि संगीतकार कोण, हे ठरलंच.

या कामात मी आता तरबेज झालोय. शेठचा पार्ट असा लिहायचा की ऐकणाऱ्याला भारदस्त वाटावा आणि बोटांना त्रास नको. मुंबईच्या स्टुडिओत सिनेमावाल्यांसाठी गाढवासारखा राबायचो. कोल्हापुरात वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट फुंकायचे, नवरदेवाच्या मामाला नाचता येईल अशी लय धरायचे. मामा नाचेल ती लय, शेठ वाजवतील तो सूर. खानदानी धंदाच म्हणायचा.

यावेळी आणखी सोपं करणार आहे. पळापळ नको, उड्या नकोत. नुसते लांब, संथ सूर. गज टेकवायचा आणि सावकाश ओढायचा, बस्स.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

झक मारली आणि लांब सूर लिहिले.

माझं मेल्याचं डोकं कुठं गेलं होतं? हात भरभर चालला की हाताचा कंप लपतो. सावकाश ओढायला गेलं की दडायला जागाच नाही. कुठल्याही व्हायोलिनवाल्याला हे ठाऊक असतं, परीक्षेला बसलेल्या पोरांचासुद्धा लांब सुरातच हात थरथरतो. आणि मी काय केलं? कागदावर सोपं दिसतं म्हणून तेच लिहिलं. मालकासाठी सोपं लिहायची इतकी सवय झालीय की हाताचा विचारच केला नाही, फक्त कागदावरचे सूर मोजले.

शेठचा एकेक सूर तुटत होता. गज तारेवर नाचत होता. पहिल्या रांगेतल्या बँकवाल्याच्या बायकोनं नजर खाली घातली. केतनभाई मागं भिंतीला टेकून उभा होता, तो बाहेर निघून गेला.

शेठनी शेवटपर्यंत वाजवलं. उठून सगळ्यांना नमस्कार केला. मला म्हणाले, "छान लिहिलंय, मास्टर." त्याहून थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

४ ऑक्टोबर, शनिवार

डोकं दुखतंय. एसी बिघडलाय, बाहेर अजून भट्टी. ईरा कानात गाणी घालून गणितं करत बसली होती. मी सहज विचारलं, समजा आपल्याला मध्येच गावी जावं लागलं तर? तिनं एक कान मोकळा केला. "बाबा, डोन्ट इव्हन जोक." आणि परत गणितात.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

बैठक नव्हती, तरी केतनभाईनं बोलावलं. गाडीतच बोलला, एसी चालू ठेवून. शेठना कंपवात आहे. घरच्यांना उन्हाळ्यापासून माहीत. औषधं चालू आहेत, पण डॉक्टर म्हणालेत की वर्षभर हात असाच राहील याची काही खात्री नाही.

"पापा को बोलो कि अब बस. हम बोलते हैं तो गुस्सा करते हैं. आपकी सुनेंगे." पुढं काय म्हणाला तेही इथं लिहून ठेवतो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही. शेठनी वाजवणं सोडलं तर तो माझा व्हिसा ईराच्या परीक्षेपर्यंत ठेवेल, वचन देतो म्हणाला. आणि बाहेरच्या लोकांसमोर परत असा तमाशा झाला तर खलास, दुसऱ्या दिवशी तिघांची तिकिटं.

म्हणजे शेठच्या हातातला गज मी काढून घ्यायचा. माझ्या पोरीसाठी.

नंदाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग सांगा की. आजारी माणसाला आजारी म्हणायला काय जातंय?"

काय जातंय, हे तिला समजावता आलं नाही. मलाच नीट सांगता येत नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

शेठकडं साल मुबारक करायला गेलो. गुजराती लोकांचं नवं वर्ष आज. सगळा स्टाफ रांगेत, मिठाईचे डबे. शेठ प्रत्येकाला दोन्ही हातांनी डबा देत होते. एका हातानं देत नव्हते.

मला थांबवून घेतलं. आज सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. वाक्य जुळवून ठेवलं होतं: शेठ, आता तुम्ही ऐका, आम्ही वाजवतो. तर त्यांनीच सुरुवात केली. लहानपणी आजोळी गिरगावात शेजारच्या पारशाकडं चेलो ऐकला, तेव्हा यांच्या वडिलांनी सांगितलं, आपल्यात दुकान बघतात, असले उद्योग नोकरांचे. चाळिशी उलटल्यावर स्वतःच्या पैशानं पहिला चेलो घेतला. "मास्टर, धंदा मला बापानं दिला. हे एवढं मी स्वतः केलं."

झालं. माझं वाक्य गिळलं आणि मिठाईचा डबा घेऊन घरी आलो.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सुचलं! अंघोळ करताना सुचलं, ओल्या अंगानंच बाहेर आलो. नंदा ओरडली.

ट्रेमोलो. गज तारेवर जागच्या जागी भराभर थरथरवायचा. वादळ, भीती, काहीतरी अघटित घडणार असं दाखवायचं असलं की सगळेच लिहितात. शेठचा पार्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत ट्रेमोलोत लिहायचा! हात आपोआप थरथरतोच आहे, थरथरू दे. जे लपवायचं तेच वाजवायचं. वर आम्ही तिघं गात राहू, खाली शेठ गडगडत राहतील.

फ्रान्सिसला फोनवर सांगितलं. म्हणाला, "सायबा, तुजें डोकें सैतानाचें." मी खूश. खूप दिवसांनी खूश.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जमलं! काय जमलं! हवा पण आता मस्त झालीय, बागेत बैठक ठेवली होती. शेठच्या चेलोतून असा काही गडगडाट निघाला की बँकवाल्याची बायको पुढं सरकून बसली. टाळ्या थांबेनात. एक डॉक्टरसाहेब शेठना म्हणाले, "व्हॉट पॉवर!" केतनभाईनं लांबून मला अंगठा दाखवला. म्हणजे आता सगळेच खूश, कुणाला काही सांगायची गरज नाही, एप्रिलपर्यंत असाच वादळं लिहीत राहीन.

शेठ मात्र जेवायलाही बसले नाहीत, डोकं जड झालंय म्हणून वर गेले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

बैठक रद्द. बंगल्यावरून फक्त निरोप.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

शेठनी एकट्याला बोलावलं. चेलो कोपऱ्यात, खोळीत. चहा आला. माझा कप भरलेला, त्यांचा अर्धाच. अर्धा कप का, ते त्यांनी उचलल्यावर कळलं.

"मास्टर, माझी बीमारी लिहून काढलीत तुम्ही."

"मला काय समजत नाही? पहिल्या रिहर्सलला समजलं. विचार केला, जाऊ दे, मास्टरनी युक्ती केली, लोक खूश होतील. झाले पण. पण ते टाळ्या कुणाला वाजवत होते? मला? माझ्या रोगाला?"

म्हणालो, शेठ, तुमचा मान राहावा म्हणून... ते चिडले. इतक्या वर्षांत असा आवाज ऐकला नव्हता. "मान! सोपं लिहिलं, मी कधी बोललो? मला येत नाही, तुम्ही सोपं लिहिता, ठीक आहे, हा आपला व्यवहार आहे. पण हे सोपं नव्हतं. ही दया होती. आणि माझ्या घरात माझ्यावर दया करायचा हक्क मी कुणालाच दिलेला नाही."

बाहेर माळी पाणी मारत होता, तिकडं बघत त्यांनी कप खाली ठेवला.

मग सांगितलं काय पाहिजे ते. जानेवारीतल्या मोठ्या कार्यक्रमाला, सगळं बहरीन येतं त्या दिवशी, एक संथ पीस. चेलोला लांब सूर. ऑक्टोबरसारखे, पण यावेळी चेलो मध्यभागी आणि आम्ही तिघं त्याच्या मागं. "हात हलेल. हलू दे. ज्याला ऐकवणार नाही त्यानं जेवायला जावं. पण जो सूर माझा आहे तो मी स्वतः ओढणार. खरं लिहा, मास्टर. एकदा तरी खरं लिहा माझ्यासाठी."

दारापर्यंत पोचवायला आले. तेही कधी येत नाहीत.

५ डिसेंबर, शुक्रवार

केतनभाईला कळलं. कसं, माहीत नाही. बैठकीनंतर गाडीपाशी गाठलं. "मैंने आपको क्या बोला था और आप क्या लिख रहे हो? जनवरी में मिनिस्टर लोग आते हैं. पापा की इज़्ज़त का सवाल है." मी म्हणालो, शेठनीच सांगितलंय. "पापा तो कुछ भी बोलेंगे. लिखते तो आप हो ना? नहीं जम रहा बोल दो. सिंपल."

घरी महाभारत. नंदाचं म्हणणं, एवढी वर्षं खोटं लिहिलं ते चाललं, आता पोरीच्या बारावीलाच तुम्हाला खऱ्याची हौस आली? बरोबर आहे तिचं. रडली. म्हणाली, तुमचे शेठ तुम्हाला किचनमध्ये जेवायला बसवतात, त्यांच्यासाठी तुम्ही माझ्या पोरीला रस्त्यावर आणणार? मी आवाज चढवला. ईरा खोलीतून बाहेर आली. "कॅन यू बोथ प्लीज स्टॉप? आय हॅव फिजिक्स प्रिलिम." दार आपटलं.

दरबारातल्या त्या लोकांना बायका-पोरं होती की नाही? असतील की. पुस्तकात त्यांच्या सुरावटींवर पानंच्या पानं, बायको काय म्हणाली ते कुणीच लिहीत नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

एक ओळ लिहिली नाही. शेठना सांगितलं, चालू आहे.

१६ डिसेंबर, मंगळवार

नॅशनल डेची सुट्टी. रस्त्यावर सगळीकडं लाल-पांढरे झेंडे, गाड्यांचे हॉर्न. नंदा आणि ईरा मॉलला गेल्या. एकटाच होतो. बसलो आणि लिहिलं.

नाही लिहायचं असं ठरवून बसलो होतो खरं तर. पुढं रेटून नेईन, सांगेन जमत नाही म्हणून. पण पहिला सूर कागदावर उतरला आणि मग हात थांबेना. माझ्या आयुष्यात मी असलं काही लिहिलेलं नाही. मामाला नाचवायला नाही, हिरोईनला रडवायला नाही. बाकी तिघं थांबलेत, एक चेलो सूर ओढतोय, सूर तुटतोय, तरी ओढतोय. तुटला तर त्याला धरून घ्यायला मी खाली काहीही ठेवलेलं नाही. शेठना तेच पाहिजे होतं.

नंदा परत आली, माझ्याकडं बघितलं आणि काय झालं ते तिला कळलं. पिशव्या ठेवल्या आणि चहा टाकला. भांडलीसुद्धा नाही.

२६ डिसेंबर, शुक्रवार

आज पहिली रिहर्सल. बाहेरचं कुणी नाही, आम्ही चौघंच.

कसं सांगू. हात हलत होता, ऑक्टोबरपेक्षा जास्तच. पण शेठ लपवत नव्हते. मान ताठ, डोळे मिटलेले. सूर मध्येच विरायचा, परत लागायचा. मार्लनची वाजवायची जागा चुकली, आजवर कधी चुकला नव्हता. संपल्यावर फ्रान्सिस उठून खिडकीपाशी गेला आणि आमच्याकडं पाठ फिरवून उभा राहिला. मला रडू आलं, आवरलं नाही.

शेठ रुमालानं कपाळ पुसत म्हणाले, "आता बरोबर." मग फ्रान्सिस आणि मार्लनला जेवायला पाठवलं, मला थांबवलं.

"केतन काय बोलला तुम्हाला?"

काही नाही म्हणालो.

"माझा मुलगा आहे तो. काय बोलला असेल मला माहीत आहे. तुमच्या मुलीचे पेपर कधी संपतात?"

एप्रिलमध्ये, म्हणालो.

त्यांनी गज सैल केला, सावकाश, स्क्रू फिरवायलाही वेळ लागतोय आता. "मग जानेवारीत नको. एप्रिलच्या शेवटी करू. पेपर होऊ दे. नंतर केतनला काय करायचं ते करू दे."

मला म्हणायचं होतं, शेठ, नको. एप्रिलपर्यंत हात काय म्हणेल ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सगळं माहीत असून म्हणाले. मी उभा राहिलो बावळटासारखा आणि म्हणालो, "बरं, शेठ."

घरी येऊन नंदाला सांगितलं. तिनं देवापुढं दिवा लावला. मी हात जोडले पण काय मागायचं ते सुचेना.

९ जानेवारी, शुक्रवार

रिहर्सल. थंडी आहे, त्यात हात आणखी आखडतो. पहिलं पान वाजवलं. दुसऱ्या पानावर बोटांतून गज निसटला, गालिच्यावर पडला. फ्रान्सिस वाकला, तर शेठनी त्याला थांबवलं, स्वतः वाकले, वेळ लागला, स्वतः उचलला.

मग हसले. माझ्याकडं बघून म्हणाले, "एप्रिल लांब आहे नाही, मास्टर?"

त्याच क्षणी म्हणायला हवं होतं. पुढच्या शुक्रवारी करू, शेठ. या खोलीत, कुणी येवो न येवो. ओठावर आलं होतं. ईराचा पहिला पेपर डोळ्यांपुढं आला.

"नाही हो शेठ," म्हणालो, "आला की आता."